वस्तू, शब्द आणि ऋतू : ग्रामजीवन संग्रहालयाचे एक वाचन

१. प्रास्ताविक

ग्रामीण साहित्याचे अध्यापन करताना महाविद्यालयीन वर्गात एक अडचण वारंवार अनुभवास येते. 'रुमणे', 'इरले', 'कणगी', 'घिरट', 'आवण' यांसारखे शब्द कथा-कादंबरीत सहज येऊन जातात. लेखकाच्या दृष्टीने त्यांना स्पष्टीकरणाची गरज नसते. आजच्या विद्यार्थ्याला मात्र त्यांपैकी बहुतेक शब्द अपरिचित असतात. शब्दकोश त्यांचा अर्थ देतो, पण वस्तू दाखवीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक विभाग ग्रामजीवन संग्रहालयाकडे शैक्षणिक सहल नेतात. तेथे वस्तू दिसते, तिच्याखाली नावाची पाटी असते आणि विद्यार्थी ते नाव वहीत उतरवून घेतो.

एवढ्याने शब्द कळला असे म्हणता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ग्रामीण जीवनातील वस्तूला जसा आकार असतो तसा काळही असतो. ती वर्षातील काही महिने हातात असते आणि उरलेले महिने आढ्याला टांगलेली असते. तिचे नाव एखाद्या क्रियापदाशी बांधलेले असते आणि ते क्रियापद ऋतूशी. संग्रहालयात वस्तू जपली जाते. परंतु तिच्यामागचा ऋतू आणि ऋतूमागचे श्रम जपले जातातच असे नाही. कर्जत तालुक्यातील कळंब परिसराचे भातशेतीचे वर्ष समोर ठेवून या प्रश्नाचा विचार येथे केला आहे.

२. खुल्या संग्रहालयाची कल्पना

खेड्यातील घरे मुळासकट उचलून आणावीत, ती मोकळ्या जागेत पुन्हा उभारावीत आणि त्यांत पूर्वीचे व्यवहार चालू दाखवावेत, या कल्पनेचा पहिला मोठा आविष्कार म्हणून स्टॉकहोम येथील स्कान्सेन या संग्रहालयाचा निर्देश केला जातो. आर्तुर हाझेलिउस यांनी ते १८९१ साली सुरू केले. स्वीडनमध्ये त्या काळी औद्योगिकीकरणाने खेड्यांचे रूप झपाट्याने पालटत होते आणि डोळ्यांदेखत नाहीशा होणाऱ्या जीवनपद्धतीची नोंद ठेवणे हा त्यांचा हेतू होता. साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे हाझेलिउस हे मुळात भाषेचे अभ्यासक होते. स्वीडिश शुद्धलेखनाच्या सुधारणेत त्यांनी भाग घेतला होता. शब्दांचा अभ्यासक वस्तूंकडे वळला, अशी या संग्रहालयाची जन्मकथा आहे.

स्कान्सेनचे दुसरे वैशिष्ट्य ऋतूंशी संबंधित आहे. तेथील वर्ष मध्य-उन्हाळ्याचा उत्सव, हिवाळ्यातील लूसिया, नाताळचा बाजार अशा टप्प्यांनी विभागलेले असते. डिसेंबरात आलेल्याला जे दिसते ते जूनमध्ये आलेल्याला दिसत नाही. घर तेच असले, तरी त्यातील चूल, पक्वान्न, पोशाख आणि गाणे बदलते. खुल्या संग्रहालयाला बंद दालनापेक्षा जे अधिक साधते ते हेच. भिंतीआड ऋतू येत नाही. अंगणात तो टाळता येत नाही.

भारतात या प्रकारचा सर्वांत विस्तृत प्रयत्न भोपाळ येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाचा होय. १९७७ साली दिल्लीत स्थापन झालेली ही संस्था पुढे भोपाळला श्यामला टेकडीवर आली. देशाच्या निरनिराळ्या भागांतील आदिवासी व ग्रामीण घरे तेथे त्या त्या समाजातील लोकांनी स्वतः येऊन बांधली, ही बाब महत्त्वाची आहे. बांधणाऱ्याचा हात व त्याची भाषा यांचा प्रवेश त्यामुळे संग्रहालयात झाला.

महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहाची परंपरा सांगताना पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने लिहिणारे कवी होते. दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा दैनंदिन वापरातील वस्तू त्यांनी आयुष्यभर जमविल्या. हाझेलिउस यांच्याप्रमाणे येथेही शब्दाचा उपासक वस्तूंचा संग्राहक झाला. गोव्यात बाणावली येथील 'गोवा चित्र' या संग्रहालयात व्हिक्टर ह्यूगो गोमिश यांनी शेतीची अवजारे व व्यवसायांची साधने मोठ्या संख्येने एकत्र आणली आहेत. या सर्व प्रयत्नांनी साहित्याभ्यासाला पुष्कळ सामग्री पुरविली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

३. कणेरीचे संग्रहालय आणि 'गांव-गाडा'

मराठी विद्यार्थ्याला ग्रामजीवनाचे सर्वांगीण दृश्य एका ठिकाणी पाहावयाचे असेल, तर कोल्हापूरजवळील कणेरी मठाच्या परिसरातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय हे आज सर्वाधिक परिचित स्थळ आहे. मठाधिपती अदृश्य काडसिद्धेश्वर स्वामी यांच्या कल्पनेतून ते उभे राहिले. सिमेंटच्या पूर्णाकृती मूर्तींतून शेतीची कामे, बारा बलुतेदार व अठरा अलुतेदार यांचे व्यवसाय, घरातील आणि अंगणातील प्रसंग तेथे साकारलेले आहेत. मूर्तींच्या मुद्रा व हालचाली बारकाव्याने घडविल्या असल्याने, पाहणाऱ्याला आपण गावातून चाललो आहोत असा भास होतो.

या मांडणीचे स्वरूप वाङ्मयीन परिभाषेत सांगावयाचे तर ती 'नित्य वर्तमानकाळा'त लिहिलेली आहे. मूर्ती क्रियेच्या एका क्षणी थांबलेली असते आणि वर्षभर त्याच क्षणी राहते. गावाच्या वर्षात जी कामे एकामागून एक येतात ती संग्रहालयात एकाच वेळी, शेजारीशेजारी उभी असतात. लुगडे नेसलेली स्त्री बाराही महिने दळत असते. कालक्रम नाहीसा झाला की कार्यकारणभावही नाहीसा होतो. पेरणीच्या वेळी काढलेले कर्ज मळणीच्या वेळी राशीवर येऊन उभे राहते, हा ग्रामीण कथेचा एक मूलभूत बंध आहे. काळ थांबलेल्या दृश्यात तो दाखविता येत नाही.

दुसरा मुद्दा स्वयंपूर्णतेचा आहे. संग्रहालयाची मांडणी परस्परावलंबी, स्वयंपूर्ण खेड्याच्या कल्पनेवर उभी आहे. ही कल्पना मराठी विचारविश्वात नवी नाही. परंतु तिच्याबरोबर त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांव-गाडा' (१९१५) वाचणे आवश्यक ठरते. आत्रे हे महसूल खात्यातील अनुभवी अधिकारी होते. त्यांनी बलुते-अलुत्यांची, वतनदारांची आणि फिरस्त्यांची तपशीलवार नोंद केली. पण त्या व्यवस्थेचे गोडवे गायिले नाहीत. कुणब्याच्या राशीवर किती हात पडतात आणि पिढीजात वतनामुळे कसब कसे खुंटते, याचा ताळेबंद त्यांनी मांडला. संग्रहालयात कुंभार, लोहार, सुतार यांची साधने एकसारख्या मानाने मांडलेली असतात. प्रत्यक्ष गावात कोणाचे घर कोठे असावे, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे, बलुते मागताना खळ्यावर किती अंतरावर उभे राहावे, हे ठरलेले होते. मराठी दलित साहित्याने या अंतरांचीच नोंद केली आहे. वस्तू शेजारीशेजारी ठेवल्या की ती अंतरे पुसली जातात. म्हणून विद्यार्थ्याने संग्रहालयात वस्तूंइतकेच वस्तूंमधील अंतरही वाचावयास हवे.

तिसरा मुद्दा प्रदेशाचा. 'महाराष्ट्राचे खेडे' असे एकच एक खेडे अस्तित्वात नाही. मोट, चावडी, वेशीने बांधलेली पांढरी हे देशावरील गावाचे चित्र होय. सह्याद्री उतरून खाली आले की ते लागू पडत नाही. कळंबचा विचार येथूनच सुरू होतो.

४. कळंब परिसराचे वर्ष

नेरळहून निघणाऱ्या रस्त्यावरील कळंब हे गाव एका बाजूला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला सह्याद्रीची मुख्य रांग यांमधील भातशेतीच्या पट्ट्यात वसलेले आहे. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत, हे या तालुक्याचे हवामान. वस्ती विखुरलेली, मूळ गाव, पाडे, ठाकूरवाडी, कातकरवाडी अशी तिची रचना. मोटेला येथे फारसे काम नाही. पाणी आकाशातून येते आणि बांधाने अडविले जाते. साहजिकच येथील वस्तूंचे आणि शब्दांचे जग निराळे आहे.

वर्षाचा आरंभ राबापासून धरता येईल. रोपे वाढवावयाच्या तुकड्यावर शेण, झाडांच्या टहाळ्या, पालापाचोळा, वाळके गवत असे थर रचून वर मातीचा पातळ थर देतात आणि उन्हाळ्यात तो पेटवितात. आग भडकू नये, धुमसत राहावी म्हणून ती वाऱ्याच्या उलट दिशेने लावतात. जमीन भाजल्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. 'राबणे' हे क्रियापद मराठीत कष्ट करणे या अर्थाने सर्वत्र रूढ आहे. या परिसरातील श्रोत्याला 'राब' हा शब्द ऐकताच चैत्र-वैशाखातील धूर आठवतो. दोन्ही शब्दांची व्युत्पत्ती एक असो वा नसो, कानाला त्यांचे नाते जाणवते. संग्रहालयात मात्र राब ठेवता येत नाही. कारण तो वस्तूच नव्हे, ती एक कृती आहे.

पहिल्या पावसाबरोबर शब्दांचा दुसरा समूह जागा होतो. प्रवाहाविरुद्ध चढून येणाऱ्या माशांची 'वळगण', रानात उगवणारी शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी ही नावे वर्षातून थोडेच दिवस तोंडात असतात. शेवळ्याची खाज मोडण्यासाठी त्याबरोबर काकडाची फळे घालावी लागतात. ती त्याच सुमारास मिळतात. हे ज्ञान प्रामुख्याने ठाकूर व कातकरी स्त्रियांचे आहे. त्याला अवजार नाही, त्यामुळे संग्रहालयाच्या यादीत त्याला क्रमांकही नाही.

तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून त्यांच्या मुठी बांधतात, चिखलणी होते आणि लावणी सुरू होते. या वेळी वापरात येणारी वस्तू म्हणजे इरले. बांबूच्या कामट्यांच्या दुहेरी जाळीत पाने भरून तयार केलेले हे आवरण डोक्यापासून पाठीच्या खालपर्यंत पोहोचते. संग्रहालयातील भिंतीवर ते टोपलीच्या अर्ध्या भागासारखे दिसते आणि त्याच्या आकाराचा उलगडा होत नाही. वाकलेल्या स्त्रीच्या पाठीवर ठेवल्यावरच तो होतो. छत्री उभ्या माणसासाठी असते. इरले कमरेत वाकलेल्या आणि दोन्ही हात चिखलात गुंतलेल्या माणसासाठी असते. दिवसभर वाकून राहण्याचा श्रम त्याच्या आकारातच नोंदलेला आहे. पुढे प्लॅस्टिकच्या खोळीने त्याची जागा घेतली. ती हलकी व स्वस्त असल्याने यात नवल नाही.

श्रावण-भाद्रपदात घरातील कणगीचा तळ दिसू लागतो. बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीने सारवलेली कणगी प्रदर्शनात सुबत्तेचे चिन्ह म्हणून मांडली जाते. परंतु कणगीचे खरे चरित्र तिच्या भरण्यात नसून रिकामे होण्यात आहे. लावणीच्या ऐन दिवसांत धान्य संपले की 'खावटी' काढावी लागे आणि सुगीत ती वाढीसह फेडावी लागे. 'दीडी' हा शब्द याच व्यवहारातून आला. माथेरान-नेरळ परिसरात शेतकऱ्यांचे संघटन करणारे आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हुतात्मा झालेले भाई कोतवाल यांच्या कार्यात धान्यकोठीची योजना होती. पुढील काळात कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनेही आदिवासी वाड्यांत धान्य बँकेचा प्रयोग केला. कणगीखालच्या पाटीवर 'धान्य साठविण्याचे साधन' एवढेच लिहिले, तर हा सारा इतिहास पाटीबाहेर राहतो.

आश्विन-कार्तिकात कापणी, भारे, उडवी, खळे, झोडणी, उपणणे ही मालिका येते. सूप आणि वारा यांचे नाते तेथे दिसते. वारा पडला की काम थांबते. पायली, मण, खंडी ही मापे याच वेळी उच्चारली जातात. पूर्वी घिरटावर भात भरडून आणि उखळात सडून तांदूळ केला जाई. भाताच्या वाणांची 'झिनी', 'कोळंब' अशी जुनी नावे होती. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने पुढे 'कर्जत' या नावाला क्रमांक जोडून नवे वाण दिले. तालुक्याचे नाव बियाण्याच्या पिशवीवर आले आणि घराघरातील नावे मागे पडली. भातानंतर उरलेल्या ओलीवर वाल येतो आणि थंडीत त्याच्या शेंगांची पोपटी लागते. वर्षातील हा एक निखळ आनंदाचा प्रसंग होय.

याच काळात कातकरवाडीत एक वेगळी घटना घडते. दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर वा कोळसा पाडण्याच्या कामावर निघून जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. अनेकदा मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी हे स्थलांतर असते. वर्षाचा मोठा भाग त्यांच्या घरांची दारे बंद असतात. ग्रामजीवनाच्या ऋतुनिहाय प्रदर्शनात कातकऱ्याचे घर उभारावयाचे झाले, तर प्रामाणिक मांडणी कोणती? कार्तिकापासून वैशाखापर्यंत ते बंद ठेवणे, हीच. बंद दार पाहून प्रेक्षक विचारील की घरातील माणसे कोठे आहेत. त्या प्रश्नाचे उत्तर देणे ज्या प्रदर्शनाला जमेल, त्याने ग्रामजीवन दाखविले असे म्हणता येईल.

५. जाते आणि ओवी

वस्तू व शब्द यांच्या संबंधाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण जात्याचे आहे. ओवी ही जात्यावर बसून रचली व गायिली गेली. तिची लय दळणाऱ्या हाताच्या फेऱ्याशी जुळलेली आहे आणि तिचा आशय पहाटेच्या एकांताशी. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून लोकसाहित्याचे विपुल संकलन प्रसिद्ध केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांच्या सहभागाने एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. या संकलनाचा एक महत्त्वाचा भाग मुळशीच्या डोंगराळ पट्ट्यातील, म्हणजे कर्जतपासून घाटमाथ्यापलीकडे फार दूर नसलेल्या प्रदेशातील आहे. त्यांनी गाणारीचे नाव, गाव आणि आवाज यांची नोंद ठेवली. संग्रहालय जे जाते निनावी ठेवते त्याला या संकलनाने कर्ती दिली.

पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. त्याबरोबर ओवीची निर्मितीही ओसरली. ही हानी आहे, यात शंका नाही. परंतु रोज पहाटे दळावे लागणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने गिरणी ही मुक्तीही होती. हाच पेच आज कळंब परिसरात लावणीच्या संदर्भात उभा आहे. नेरळजवळील सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या 'सगुणा राइस तंत्रा'त गादीवाफ्यांवर भाताचे बी थेट टोकले जाते. चिखलणी आणि लावणी दोन्ही वगळली जातात. हे तंत्र जेथे रुजेल तेथे 'चिखलणी', 'मूठ', 'आवण' हे शब्द नव्या पिढीच्या तोंडून हळूहळू जातील. पण त्याबरोबर वाकलेली पाठही सरळ होईल. शब्दाच्या नाहीसे होण्याचा शोक करताना ती पाठ विसरणे, हा ग्रामजीवनाच्या अभ्यासातील नैतिक दोष होय. अभ्यासकाचे काम श्रम टिकविण्याचे नाही. त्या श्रमाने भाषेला काय दिले याची नोंद करण्याचे आहे.

६. साहित्यकृतींचे स्थान

संग्रहालयात न मावणारा काळ साहित्याने पुष्कळ अंशी सांभाळला आहे. दुर्गा भागवत यांच्या 'ऋतुचक्र'मध्ये (१९५६) महिन्यामहिन्याने पालटणाऱ्या सृष्टीचे सूक्ष्म निरीक्षण आहे. मात्र त्याचा केंद्रबिंदू निसर्ग आहे, शेतीचे श्रम नव्हेत. म्हणून 'ऋतुचक्र' आणि 'गांव-गाडा' ही पुस्तके एकत्र वाचली असता एकमेकांना पूरक ठरतात. गो. नी. दांडेकर यांच्या 'पडघवली'त कोकणातील एका गावाचा ऱ्हास स्त्रीच्या निवेदनातून येतो आणि घरातील वस्तू, झाडे, रीती यांची नावे त्या निवेदनात सहज मिसळून जातात. त्यांच्याच 'जैत रे जैत'मध्ये ठाकरांचे रायगड जिल्ह्यातील जग आहे. या कृतींत वस्तू कधीच एकटी येत नाही. ती कोणाच्या तरी हातात आणि कोणत्या तरी दिवशी येते. साहित्याचा हा विशेष संग्रहालय पाहताना कसोटी म्हणून वापरता येतो. त्याच वेळी साहित्यकृती ही बाहेरच्या लेखकाने केलेली निवड असते, हेही विसरून चालणार नाही. ठाकूर व कातकरी बोलींतील स्वतःची नावे व गाणी त्यांच्याच तोंडून ऐकणे हा तिसरा, आणि अनिवार्य, मार्ग आहे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

वरील विवेचनावरून पदव्युत्तर वर्गाच्या संग्रहालयभेटीसाठी पुढील गोष्टी सुचविता येतात.

एक, भेट एकदाच न नेता निदान दोन भिन्न ऋतूंत न्यावी आणि दुसऱ्या भेटीत पहिल्या वेळच्या नोंदी तपासाव्यात. दोन, प्रत्येक वस्तूच्या नावाबरोबर तिचे क्रियापद टिपावे. 'सूप' लिहिल्यावर 'पाखडणे' व 'उपणणे' यांतील फरक लिहिल्याशिवाय नोंद पुरी मानू नये. तीन, ती वस्तू कोणी घडविली, कोणी वापरली आणि कोणाला वापरता येत नव्हती, हे तीन प्रश्न विचारावेत. चार, वस्तू ज्या महिन्यांत वापरात नसते त्या महिन्यांत ती वापरणारा माणूस कोठे असतो, हेही शोधावे. पाच, संग्रहालयातील नावाची पडताळणी आपल्या तालुक्यातील वृद्ध स्त्री-पुरुषांकडे करावी. बोलीनुसार नाव बदलत असल्यास दोन्ही नावे ठेवावीत, एकाला शुद्ध व दुसऱ्याला अशुद्ध ठरवू नये.

नमुन्यादाखल इरल्याची नोंद अशी होईल : बांबू व पाने यांचे पावसाळी आवरण, आषाढ-श्रावणात वापर, क्रिया, लावणी व बेणणी, वापर मुख्यतः स्त्रियांचा, उरलेले महिने आढ्याला, आकाराचे कारण, वाकून करावयाचे काम, जागा घेणारी वस्तू, प्लॅस्टिकची खोळ. एवढी नोंद केलेल्या विद्यार्थ्याला पुढे एखाद्या कथेत इरले भेटले, तर त्याखालची पाठही दिसेल.

८. समारोप

ग्रामजीवन संग्रहालय हे ग्रामीण साहित्याच्या अभ्यासाचे उपयुक्त साधन आहे. परंतु ते गावाचे प्रतिबिंब नसून गावाविषयीचे एक विधान आहे. कोणते गाव, कोणत्या काळातील आणि कोणाच्या नजरेने पाहिलेले, हे प्रश्न कादंबरीला विचारावेत तसेच त्यालाही विचारले पाहिजेत. ऋतुनिहाय मांडणीने वस्तूला तिचा काळ परत मिळतो आणि काळाबरोबर तिचा श्रम, तिचे कर्ज व तिचे गाणेही परत येते. कळंब परिसराचे वर्ष याची साक्ष देते. तेथील भरलेली कणगी, टांगलेले इरले आणि कातकरवाडीतील बंद दार या तीन गोष्टी एकाच वर्षाच्या तीन नोंदी आहेत. त्या एकत्र वाचल्या तरच त्या वर्षाचा अर्थ लागतो.